काटा वजनाचा, प्रश्न हृदयाचा

स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरातून १९८७ साली एक अभ्यास सुरू झाला. अतिलठ्ठ माणसाचं वजन शस्त्रक्रियेनं उतरवलं तर त्याचं आयुष्य वाढतं का, हा त्याचा प्रश्न. प्रमुख संशोधक लार्स शोस्ट्रॉम यांना खरं तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांची वाटणी करायची होती: निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. नैतिकता समित्यांनी ते नाकारलं. त्या काळात अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरातले एक ते पाच रुग्ण दगावत, आणि एवढी जोखीम चिठ्ठीच्या भरवशावर कुणावर लादणं समित्यांना पटलं नाही. मग स्वतःहून शस्त्रक्रियेला तयार झालेले २,०१० जण एका गटात आले आणि वय, वजन, रक्तदाब अशा १८ बाबींत त्यांच्याशी मिळतेजुळते २,०३७ जण दुसऱ्या गटात. 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' या नावानं ओळखला जाणारा हा अभ्यास आजही या विषयाचा कणा आहे. समित्यांच्या त्या नकारातून आलेली उणीवही आजतागायत या विषयाला चिकटून आहे.

निष्कर्ष टप्प्याटप्प्यानं आले. २००७ मध्ये, सरासरी अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, तुलना गटात १२९ मृत्यू झाले होते आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत १०१. हृदयाचा हिशेब २०१२ मध्ये मांडला गेला. हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं मेलेले तुलना गटात ४९ होते, शस्त्रक्रिया गटात २८. पहिल्यांदाच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आलेले, मग त्यातून वाचलेले असोत वा नसोत, २३४ विरुद्ध १९९. दोन गटांतले मुळातले फरक वजा केले की हृदयमृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून थोडं खाली येतं आणि एकूण घटना एक तृतीयांशानं कमी होतात. २०२० च्या अहवालानं आयुर्मान मोजलं. शस्त्रक्रिया झालेले लोक न झालेल्यांपेक्षा सरासरी ३ वर्षं जास्त जगले. तरीही सर्वसाधारण स्वीडिश माणसापेक्षा त्यांचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. हे शेवटचं वाक्य जाहिरातीत कुठे दिसत नाही, पण शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं ते वाचायला हवं. लठ्ठपणानं धमन्यांवर, हृदयाच्या स्नायूवर आणि मूत्रपिंडांवर आधीच जे करून ठेवलेलं असतं, ते सगळं पुसलं जात नाही.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी कोण किती लठ्ठ होता, यावरून हृदयाला कुणाचा किती फायदा होईल हे सांगता आलं नाही. ज्यांचा बीएमआय जास्त, त्यांचा फायदा जास्त, असं काही घडलंच नाही. फायद्याचा अंदाज देणारी खूण होती रक्तातलं इन्शुलिन. ते सुरुवातीला ज्यांच्यात चढलेलं होतं, म्हणजे ज्यांचं शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं होतं, त्यांच्या हृदयाला शस्त्रक्रियेनं सर्वांत जास्त वाचवलं. आपण मात्र अजूनही रुग्ण निवडतो वजनकाट्यावर, यशाची छायाचित्रं छापतो उतरलेल्या किलोंची, आणि विम्याचा दावा मंजूर वा नामंजूर होतो बीएमआयच्या आकड्यावर. हृदयाच्या बाजूनं पाहिलं तर हा हिशेब चुकीच्या खात्यात मांडला जातोय, असं माझं स्पष्ट मत आहे. एकूण पुरावाही त्याच दिशेनं बोट दाखवतो.

पुरावा तपासताना एक जुनी, जवळजवळ विसरलेली चाचणी आठवावी लागते. स्टॅटिनची औषधं बाजारात येण्यापूर्वी, १९७५ पासून, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले शल्यविशारद हेन्री बुकवाल्ड यांनी आतड्यावर शस्त्रक्रिया करून कोलेस्टेरॉल उतरवायचा प्रयोग हाती घेतला. लहान आतड्याचा शेवटचा भाग वाटेतून वगळला की पित्ताम्लं परत शोषली जात नाहीत. ती नव्यानं तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्च करतं. एकदा झटका येऊन गेलेले ८३८ रुग्ण यात होते आणि त्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकूनच झाली होती. १९९० मध्ये निकाल आला: वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, तुलना गटापेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी कमी, हृदयमृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मिळून ३५ टक्क्यांनी कमी. हे लोक लठ्ठपणासाठी निवडलेले नव्हते. पचनमार्गाची मांडणी बदलली की हृदयाचं भवितव्य बदलू शकतं, आणि त्यासाठी वजन उतरावंच लागतं असं नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण तोवर स्टॅटिन बाजारात आली होती, तेच काम गोळीनं होऊ लागलं आणि ती शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली. तिनं शिकवलेला धडाही तिच्याबरोबर विसरला गेला.

लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेची वाट समांतर चालली होती. १९५० च्या दशकात जवळजवळ सगळं लहान आतडं वगळण्याचे प्रयोग झाले. वजन भराभर उतरलं, पण यकृत निकामी होणं, मूतखडे, क्षारांची आबाळ असे परिणाम इतके गंभीर निघाले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन पुन्हा वाढत नाही, या निरीक्षणातून त्यांना तो सुचला होता. पुढे नॉर्थ कॅरोलिनातले वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये ६०८ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतल्या मधुमेही रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्क्यांची साखर सामान्य झाली होती. चकित करणारी बाब वेळेची होती. साखर उतरायला लागायची ती काही दिवसांत, वजन फारसं हलायच्या आधी. वजन कमी झालं म्हणून मधुमेह गेला, ही सरळ साखळी तिथे तुटली.

मग घडतं तरी काय? आज दोन शस्त्रक्रिया सर्वाधिक होतात. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. एकाच जोडाचा, सोपा केलेला मिनी बायपासही भारतात बराच होतो. हे सगळं आता दुर्बिणीतून होतं, आणि अनुभवी केंद्रांत महिन्याभरातल्या मृत्यूंचं प्रमाण हजारात एक ते तीन एवढं खाली आलं आहे. स्वीडिश समित्यांना जी भीती होती, ती आता त्या प्रमाणात उरलेली नाही.

नव्या मांडणीत अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर आणि न पचलेल्या अवस्थेत पोचतं. तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं जोरात सोडतात. भूक मरते, इन्शुलिन वेळेवर स्रवतं. स्लीव्हमध्ये भूक चेतवणाऱ्या घ्रेलिनचा मुख्य स्रोतच कापला जातो. पहिल्या आठवड्यांतल्या तुटपुंज्या आहारानं यकृतातली चरबी झपाट्यानं घटते आणि यकृत पुन्हा इन्शुलिनचं ऐकू लागतं. हृदयावर याचे परिणाम अनेक वाटांनी होतात. लठ्ठ शरीरात रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं, ते सतत ढकलून डाव्या जवनिकेची भिंत जाड होते. हृदयाभोवती आणि मूत्रपिंडांभोवती चरबी साचते, मीठ धरून ठेवणारी यंत्रणा ताणलेली राहते, झोपेत श्वास अडकून रात्रभर प्राणवायू खालीवर होतो. शस्त्रक्रियेनंतर हे दाब एकामागोमाग एक सैल होतात. जवनिकेची जाडी कमी झालेली इकोमध्ये दिसते.

रक्तदाबाबद्दल सर्वांत नेटका पुरावा ब्राझीलमधून आला. साव पावलोमधल्या 'गेटवे' चाचणीत उच्च रक्तदाबाचे, दोन किंवा अधिक औषधं घेणारे १०० रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. पाच वर्षांनंतर बायपास झालेल्यांपैकी ८०.७ टक्के जणांची औषधं निदान तीस टक्क्यांनी कमी करूनही दाब आटोक्यात होता. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण १३.७ टक्के. औषधांशिवाय दाब सामान्य राहिलेले जवळपास ४७ टक्के, दुसरीकडे अडीच टक्केही नाहीत. मात्र याच्याशेजारी स्वीडिश अभ्यासाचा दहा वर्षांचा आकडा ठेवला की चित्र जरा मंदावतं. तिथे नव्यानं रक्तदाब सुरू होण्याचं प्रमाण दहाव्या वर्षी दोन्ही गटांत सारखंच झालं होतं. त्या रुग्णांत बहुतेकांवर जठराला पट्टा बांधण्याच्या किंवा जठर शिवून लहान करण्याच्या जुन्या पद्धती वापरल्या होत्या, बायपास थोड्यांचाच झाला होता, हे लक्षात घ्यावं लागतं. तरी वाढत्या वयाबरोबर दाब परत येऊ शकतो ही शक्यता पुसता येत नाही. गोळ्या सुटलेल्या माणसानं दाब मोजणं सोडू नये.

मधुमेहात फायदा सर्वांत ठसठशीत आहे आणि तो ओसरतोही. अमेरिकेतल्या युटामधल्या रुग्णांत दोन वर्षांनी ७५ टक्के, सहा वर्षांनी ६२ आणि बारा वर्षांनी ५१ टक्के जण मधुमेहमुक्त होते. क्लीव्हलँडच्या 'स्टॅम्पीड' चाचणीत, १५० रुग्णांत, पाच वर्षांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांतली सरासरी साखर, सहाच्या आत राखू शकलेले बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के. मधुमेह परतला म्हणजे सगळं फुकट गेलं, असं मानण्याची घाई करू नये. साखर आटोक्यात राहिलेली ती पाच-दहा वर्षं धमन्यांच्या खात्यात जमा झालेली असतात. स्वीडिश अभ्यासातल्या मधुमेही रुग्णांत पंधराव्या वर्षी ३० टक्केच मुक्त उरले होते, आणि तरीही मोठ्या रक्तवाहिन्यांचे विकार त्यांच्या गटात लक्षणीय कमी राहिले.

हृदय निकामी होणं आणि हृदयाचे ठोके अनियमित पडणं, या दोन आजारांकडे सुरुवातीला कुणी फारसं पाहिलं नव्हतं. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन राष्ट्रीय नोंदवह्यांची तुलना झाली: बायपास झालेले पंचवीस हजारांवर लोक आणि कडक आहार-व्यायामाचा कार्यक्रम घेतलेले सुमारे चौदा हजार. बायपासवाल्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं आढळलं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकांची थरथर, मूळ स्वीडिश अभ्यासात २९ टक्क्यांनी कमी होती. झटका हा धमनीच्या भिंतीतल्या साचलेल्या मेदाचा, दशकांचा आजार आहे. हृदय निकामी होण्यात दाबाचा आणि आकारमानाचा वाटा मोठा, म्हणून तिथे फरक लवकर दिसतो, हे तर्काला धरून आहे.

क्लीव्हलँड क्लिनिकचा २०१९ चा अभ्यास या सगळ्यांतला सर्वांत जास्त उद्धृत होणारा. शस्त्रक्रिया झालेले २,२८७ मधुमेही आणि त्यांच्याशी जुळवलेले ११,४३५ रुग्ण. आठ वर्षांत मृत्यू, हृदयाच्या, मेंदूच्या वा मूत्रपिंडाच्या गंभीर घटना मिळून ३०.८ टक्के विरुद्ध ४७.७ टक्के. दोन वर्षांनी 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, पावणेदोन लाख लोकांचा हिशेब एकत्र करणाऱ्या विश्लेषणात आयुर्मानातला फरक सरासरी ६.१ वर्षांचा निघाला. मधुमेह असलेल्यांत ९.३ आणि नसलेल्यांत ५.१. इन्शुलिनची ती खूण पुन्हा इथे दिसते. ज्यांची चयापचयाची यंत्रणा बिघडलेली, त्यांनाच अधिक लाभ.

आता आक्षेप. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या झटक्यांचे आणि मृत्यूंचे जे आकडे वर दिले, त्यांपैकी एकही चिठ्ठ्या टाकून मिळालेला नाही. शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारा माणूस आधीच गाळून निघालेला असतो. त्यानं सिगारेट सोडलेली असते, भूलतज्ज्ञानं त्याला तंदुरुस्त ठरवलेलं असतं, त्याच्याकडे पैसा किंवा विमा असतो, आणि आयुष्य बदलायची त्याची तयारी असते. असा माणूस शस्त्रक्रियेशिवायही इतरांपेक्षा जास्त जगण्याची शक्यता आहे. संख्याशास्त्रानं जुळवाजुळव कितीही केली तरी मनाची तयारी कुठल्या रकान्यात लिहिलेली नसते. या शस्त्रक्रियेच्या चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचण्या शे-दीडशे रुग्णांच्या आहेत. त्या साखर आणि दाब मोजू शकतात, झटके आणि मृत्यू मोजायला त्यांचा जीव पुरत नाही.

माझा कौल तरीही शस्त्रक्रियेच्या बाजूनं झुकतो, आणि त्याचं कारण एका अपयशी चाचणीत आहे. अमेरिकेतल्या 'लुक अहेड' चाचणीत ५,१४५ मधुमेही लोकांना चिठ्ठ्या टाकून वाटलं. एका गटाला आहार, व्यायाम आणि समुपदेशनाचा इतका काटेकोर कार्यक्रम दिला की कुठल्याही सरकारी दवाखान्याला तो परवडू नये. शेवटी त्यांचं वजन सरासरी ६ टक्के उतरलेलं होतं, दुसऱ्या गटाचं साडेतीन टक्के. झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू दोन्हीकडे सारखेच झाल्यामुळे २०१२ मध्ये ती थांबवली गेली. नंतरच्या विश्लेषणात, पहिल्या वर्षात १० टक्क्यांहून अधिक वजन उतरवलेल्यांत हृदयाच्या घटना सुमारे एक पंचमांशानं कमी दिसल्या. म्हणजे हृदयाला फरक पडायला बदल मोठा हवा आणि टिकाऊ हवा. स्वीडिश रुग्णांनी वीस वर्षांनंतरही १८ टक्के वजन उतरवलेलं टिकवलं होतं. आहार-व्यायामानं एवढं साधणारे आहेत, पण ते थोडे. ज्याला ते साधत नाही त्याची इच्छाशक्ती कमी, असं म्हणणं वैद्यकाच्या दृष्टीनं चूक आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनं क्रूर. उपाशी शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च घटवून वजन परत खेचतं. शस्त्रक्रिया त्या यंत्रणेत हस्तक्षेप करते, म्हणून ती टिकते.

या हस्तक्षेपाची किंमत असते, आणि ती आयुष्यभर हप्त्यानं भरावी लागते. युटातल्याच २००७ च्या अभ्यासात हृदयधमन्यांच्या विकारानं होणारे मृत्यू ५६ टक्क्यांनी घटले, मधुमेहाचे ९२ टक्क्यांनी. पण अपघात, आत्महत्या अशा आजाराबाहेरच्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी वाढले. संख्येनं ते थोडेच होते. तरी खाण्यातून मिळणारा आधार गेला, दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढू लागली, देह बदलला पण घरातली नाती तीच राहिली, अशा वेळी काय होतं याकडे शस्त्रक्रिया करणाऱ्या संघाचं लक्ष हवं. बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून मद्याची समस्या वाढते हेही नोंदलं गेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही केवळ आधीची औपचारिकता नसावी, नंतरही चालू राहावी.

हृदयरोग्यांच्या बाबतीत काही गोष्टी विशेष जपाव्या लागतात. शस्त्रक्रियेनंतर उलट्या चालू राहिल्या तर थायमिनची कमतरता काही आठवड्यांत येऊ शकते, आणि थायमिनअभावी हृदयच निकामी होतं. त्याला बेरीबेरी म्हणतात. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या लगेच कमी कराव्या लागतात, नाहीतर चक्कर, निर्जलीकरण आणि साखर धोकादायक उतरणं ठरलेलं. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या छोट्या वाटेनं जाताना पुरत्या शोषल्या जात नाहीत. वॉरफेरिन घेणाऱ्याची मात्रा पहिल्या आठवड्यांत बरीच बदलते, म्हणून रक्ताची तपासणी वारंवार लागते. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका असल्यानं वेदनाशामक गोळ्या मनानं घेणं आणि धूम्रपान, दोन्ही पूर्ण बंद. स्टेंट बसवून काहीच महिने झाले असतील तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या थांबवता येत नाहीत, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलणंच शहाणपणाचं. यातलं काहीही अवघड नाही. पण हृदयविकारतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकमेकांशी बोलत असतील तरच ते घडतं.

आपल्याकडे पाहताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं ते गाजलेलं छायाचित्र डोळ्यांसमोर येतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन यडकिन शेजारी-शेजारी उभे होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात पोटाभोवती लपलेली चरबी आणि तिच्यामागून येणारा मधुमेह याज्ञिकांनी पुण्याच्या परिसरात वर्षानुवर्षं दाखवून दिला आहे. 'इंटरहार्ट' या जागतिक अभ्यासात पहिला झटका दक्षिण आशियाई माणसाला सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना ५८.८ व्या. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालात देशातले मधुमेही १० कोटींच्या वर गेले. आपला हृदयरोगी लवकर आजारी पडतो आणि युरोपीय मापानं तो फार लठ्ठ नसतो.

डॉक्टरांच्या संघटनांनी हे ओळखलं आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलेली सीमा होती बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५. भारतीय तज्ज्ञांनी ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करायला सांगितलं. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांत मात्र ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. ३५ ला सोबत हृदयधमन्यांचा विकार, लठ्ठपणातून आलेली हृदयस्नायूची दुर्बलता, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा अनियंत्रित मधुमेह असायला हवा. म्हणजे ४८ वर्षांची, बीएमआय ३३ असलेली, रोज इन्शुलिन टोचून घेणारी आणि एक स्टेंट बसलेली बाई नियमांच्या बाहेर राहते. शास्त्र पाहिलं तर तिच्याच हृदयाला लाभाची आशा सर्वाधिक, आणि खर्च लाखांच्या घरात. हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला नव्या संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही.

त्याच वेळी आपल्या आहाराची जाणही नियमांइतकीच हवी. पुणे आणि परिसरातल्या पुरुषांच्या एका पाहणीत सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी आढळलं होतं. अशा माणसाचा जठराचा भाग गेला की ते आणखी घसरतं. मुंग्या, विस्मरण आणि रक्तक्षय मागोमाग येतात. वरण-भात, भाजी, पोळी या जेवणात प्रथिनं बेतास बात असतात, आणि शस्त्रक्रियेनंतर तर वाटीभरच जेवण जातं. ती वाटी आधी उसळ, पनीर, अंडं किंवा मासे यांनी भरायची, भात नंतर, हे आहारतज्ज्ञानं घरच्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बसवून सांगावं लागतं. नुसतं रुग्णाला सांगून भागत नाही.

मधल्या काळात वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. २०२३ मध्ये 'सिलेक्ट' चाचणीनं, १७,६०४ लोकांना चिठ्ठ्या टाकून वाटून, सेमाग्लुटाइडनं हृदयाच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी कमी होतात हे दाखवलं. हे सगळे मधुमेह नसलेले, पण हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले लोक होते. शस्त्रक्रियेला ज्या दर्जाचा पुरावा आजवर मिळाला नाही तो औषधाला मिळाला. शस्त्रक्रियेच्या समर्थकांनी ही गोष्ट मोकळेपणानं मान्य करायला हवी. त्याचबरोबर, जीएलपी-१च्याच वाटेनं औषधानं हृदय वाचतं हे कळल्यावर शस्त्रक्रियेचे जुने आकडे अधिक विश्वासार्ह वाटू लागतात, हेही खरं. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनासाठीची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. ती थांबवली की वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो, म्हणून महिन्याचा खर्च कायमचा. २०२५ मध्येच क्लीव्हलँडच्या गटानं मधुमेही रुग्णांत शस्त्रक्रिया आणि जीएलपी-१च्या वाटेची औषधं यांची दहा वर्षांची तुलना मांडली. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि हृदयाच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी होत्या. मात्र त्या काळातली बरीच औषधं आजच्यापेक्षा सौम्य होती आणि निवडीचा जुना आक्षेप इथेही लागू होतो. पुढच्या काही वर्षांत बऱ्याच रुग्णांना दोन्ही उपचार लागतील, आधी इंजेक्शन देऊन भुलीचा धोका कमी करणं किंवा शस्त्रक्रियेनंतर वजन परतू लागलं की औषध जोडणं, असं मला वाटतं.

आपल्याकडे उणीव आहे ती मोजण्याची. हजारो भारतीय रुग्णांच्या हृदयाचा दहा-पंधरा वर्षं पाठपुरावा केलेला, युरोपातल्या कामाच्या तोडीचा अभ्यास अजून उभा राहिलेला नाही. रुग्ण मुंबईत शस्त्रक्रिया करून जळगावला किंवा रत्नागिरीला परततो, पुढचा झटका त्याला तिथल्या रुग्णालयात येतो, आणि दोन नोंदी कधी भेटत नाहीत. आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा क्रमांक आता आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी, रुग्णाच्या संमतीनं, बीएमआयबरोबर कंबरेचा घेर, उपाशीपोटीचं इन्शुलिन, एचबीए१सी, इकोतली जवनिकेची जाडी आणि चालू औषधांची यादी त्या क्रमांकाखाली नोंदता येईल. मग पाचव्या आणि दहाव्या वर्षी झटका, पक्षाघात, स्टेंट, हृदय निकामी होऊन झालेली भरती आणि मृत्यू एवढ्या पाच गोष्टी तपासल्या, तर बीएमआय ३० च्या मराठी माणसाला ही शस्त्रक्रिया सुचवायची की नाही, याचं उत्तर गॉथेनबर्ग किंवा क्लीव्हलँडकडून उसनं आणावं लागणार नाही.